दुष्काळानंतर गाव उभं राहतं, तेव्हा आपली वस्ती कुठं असते?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

वर्धापन दिनाच्या व्याख्यानासाठी समितीनं आम्हाला विषय दिला, ‘नैसर्गिक संकट आणि गावाची उभारणी’. संकट म्हटलं की कुणाला भूकंप आठवतो, कुणाला महापूर. पण आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला पहिला आठवतो तो दुष्काळ. भूकंप एका पहाटे येतो आणि होत्याचं नव्हतं करून जातो. दुष्काळ तसा येत नाही. तो आधी विहिरीत उतरतो, मग दावणीला येतो, मग चुलीपाशी बसतो आणि शेवटी घराला कुलूप लावून माणसांना कोयत्यासकट ट्रकमध्ये घालून नेतो. म्हणून आज आम्ही दुष्काळाविषयीच बोलणार आहोत. दुष्काळानंतर लोकांनी गाव कसं उभं केलं ते सांगणार आहोत, आणि त्याबरोबर एक प्रश्नही विचारणार आहोत. गाव उभं राहिलं असं आपण म्हणतो, तेव्हा गावाच्या टोकाला असलेली आपली वस्तीही उभी राहते काय?

या सभेत पांढऱ्या केसांच्या ज्या माता-भगिनी बसल्या आहेत, त्यांना १९७२ सांगायची गरज नाही. पण मागच्या बाकावरच्या मुलांना सांगावं लागेल. १९७० पासूनच पाऊस दगा देत होता. १९७२ ला तर पेरलेलं बी सुद्धा हाती आलं नाही. धान्याची कोठारं रिकामी झाली. परदेशातून आलेली लाल मिलो रेशनवर मिळू लागली. लहान मुलांना सुकडी वाटली जायची. आणि रस्त्याच्या कडेला, तलावाच्या पाळीवर, डोंगराच्या पायथ्याला, जिकडे पाहावं तिकडे माणसं खडी फोडत बसलेली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ५० लाख! आज आपण ज्या पाझर तलावाच्या पाळीवरून मोटारसायकल नेतो, ज्या रस्त्यानं तालुक्याला जातो, त्यातले कितीतरी त्या काळातले आहेत. त्या पाळीच्या मातीत आपल्या आज्यांच्या डोक्यावरची टोपली आहेत. पोटाला बांधलेलं लेकरू झाडाखाली झोळीत टाकून त्यांनी ती माती वाहिली.

त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना लावून धरली. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम दिलं नाही तर भत्ता, हे तत्त्व महाराष्ट्रानं देशाला दिलं. पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे मुंबईतला कारकून आपल्या पगारातून चार पैसे देत होता आणि त्यातून पाटोद्याच्या, आष्टीच्या माळावर बाईच्या हाताला काम मिळत होतं. २००५ ला देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी ही खडी फोडणारी माणसं आहेत. मायबाप सरकारनं दया केली म्हणून हे झालं असं समजू नका. लोकांनी मोर्चे काढले, कचेऱ्यांपुढं ठिय्या दिला, तेव्हा मदत म्हणून मिळणारं काम हक्क म्हणून मिळालं. भीक आणि हक्क यातला फरक बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळा सांगायला नको.

आता थोडं पाण्याचं शास्त्र समजून घेऊ. कारण दुष्काळ म्हणजे देवाचा कोप, असं अजूनही काही लोक म्हणतात आणि पाऊस पडावा म्हणून धोंडी धोंडी करत फिरतात. बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधायला शिकवलं आहे. आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारावर वसला आहे. जमिनीखाली काळा कातळ. वर कुठं हातभर माती, कुठं मुरूम. या कातळात पाणी धरून ठेवायला जागा थोडी. पाऊस पडला की पाणी उतारानं पळतं, ओढ्यानं नदीला आणि नदीनं जिल्ह्याबाहेर. जाताना सोबत माती घेऊन जातं. म्हणून आपल्याकडं पावसाळ्यात पूर आणि होळीला घागर कोरडी, अशी गत होते. २०२५ च्या सप्टेंबरात तर आपण हे डोळ्यांनी पाहिलं. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच जिल्ह्यात सिंदफणेला आणि गोदावरीला पूर आले, शेतं खरवडून गेली. दुष्काळ आणि पूर ही एकाच दुखण्याची दोन तोंडं आहेत. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं आणि चालणाऱ्याला थांबायला लावायचं, हा दोन्हींवरचा इलाज आहे.

जरा हिशेब करून पाहा. एका एकरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं सुमारे २४ लाख लिटर. दुष्काळात निम्माच पडला तरी १२ लाख लिटर. १२ हजार लिटरचा एक टँकर धरला तर एका एकरावरचं हे पाणी १०० टँकर भरतं. शंभर टँकर पाणी आपल्या डोळ्यांदेखत वाहून जातं आणि एप्रिलमध्ये आपण एका टँकरसाठी भांडतो! डोंगरमाथ्यावर सलग समतल चर खणायचे, उतारावर दगडी बांध रचायचे, शेताला बांधबंदिस्ती करायची, ओढ्यावर माती नाला बांध घालायचे, खाली पाझर तलाव. माथ्यापासून पायथ्यापर्यंत या क्रमानं काम केलं तर पाणी जमिनीत मुरतं आणि माती जागेवर राहते. आधी पायथ्याला बंधारा बांधला आणि माथा तसाच सोडला, तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरून जातो. घराचं छत गळत असताना खाली पातेलं ठेवण्यासारखं ते आहे.

बाबासाहेबांनी पाण्याचा विचार केवळ चवदार तळ्यापुरता केला नव्हता, हेही आपण ध्यानात ठेवलं पाहिजे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडं होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांचा वाटा होता. ओरिसातल्या नद्यांच्या पुराचा प्रश्न घेऊन ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. जास्त पाणी हे संकट आहे आणि ते कसंबसं समुद्रात ढकलून द्यायचं, हा जुना विचार त्यांनी तिथं खोडून काढला. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवली पाहिजे आणि लोकांच्या उपयोगी आणली पाहिजे, असं त्यांनी मांडलं. म्हणून आपल्या गावचा ओढा अडवणं हे सुद्धा बाबासाहेबांचंच काम आहे, असं आम्ही मानतो.

आता अलीकडच्या काळाकडं येऊ. २०१२-१३ ला मराठवाड्यात पुन्हा कडक दुष्काळ पडला. जागोजाग चारा छावण्या लागल्या. मग २०१५-१६ आला. केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे. अंबाजोगाई, केज, कळंब आणि लातूर शहर ज्याच्यावर पाणी पितात, ते धरण कोरडं पडलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली पाण्याची गाडी लातूरला पोचली तेव्हा साऱ्या देशानं बातमी पाहिली. पण खेड्यातल्या वस्तीवर हंडा घेऊन दोन-दोन कोस चालणाऱ्या बाईची बातमी कोण करणार?

त्याच उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात एक वेगळी गोष्ट घडली. पानी फाउंडेशननं पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली. तीन तालुके निवडले होते: अमरावतीचा वरूड, साताऱ्याचा कोरेगाव आणि आपला अंबाजोगाई. २० एप्रिल ते ५ जून, सुमारे दीड महिना. ११६ गावांनी भाग घेतला. गावागावांतल्या निवडक बाया-माणसांना आधी प्रशिक्षण दिलं, मग गावानं श्रमदान करायचं. सकाळी ऊन चढायच्या आत टिकाव, फावडं, घमेलं घेऊन माणसं डोंगरावर. त्या वर्षी अंबाजोगाई तालुक्यातल्या खापरटोनला दुसरं बक्षीस विभागून मिळालं. पुढच्या वर्षी, २०१७ ला, धारूर तालुक्यातल्या जायभायवाडीनं दुसऱ्या बक्षिसात वाटा मिळवला. दरसाल ऊस तोडायला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या माणसांच्या भागात हे काम उभं राहिलं. त्याआधीपासून अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ ला सुरू केलेली मानवलोक संस्था माती-पाण्याचं काम करत आली होती. लोकांच्या हातांत अक्कल आणि ताकद दोन्ही आहेत, फक्त ते हात एका जागी यावे लागतात, हे या सगळ्यातून दिसलं. एरवी पक्षावरून, भावकीवरून एकमेकांची तोंडं न पाहणारी माणसं एका चराला लागली. याचं कौतुक आपण मोकळ्या मनानं केलं पाहिजे.

पण मित्रांनो, कौतुक झालं की हिशेबाला बसायचं असतं.

आमच्या पाहण्यातलं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तशी गावं बरीच आहेत. तिथं श्रमदानात बुद्धवाड्यातली आणि मातंगवाड्यातली माणसं सगळ्यात पुढं होती. कष्टाची सवय त्यांनाच जास्त. पाऊस झाला, चर भरले, ओढ्याला पाणी टिकलं. गावात गुलाल उधळला. ओढ्याकाठच्या शेतांतल्या विहिरींना पाणी वाढलं. दुसऱ्या वर्षी त्या विहिरींवर ऊस लागला, नवे बोअर पडले. फेब्रुवारी उजाडता उजाडता वाड्यावरचा हापसा पुन्हा खडखड वाजू लागला. ज्यांनी बांध घातला, त्यांच्या घागरीत हवा आणि ज्यांच्या शेताला बांध लागला त्यांच्या पाटात पाणी. कुणी कुणावर उघड अन्याय केला असं नाही. पाणी आपोआप खाली गेलं, आणि खाली जमीन ज्याची होती त्याची होती.

मग काय झालं? वाड्यातल्या बाया ग्रामसभेला गेल्या. आधी दोघी-तिघी, पुढच्या खेपेला वीस-बावीस. आम्ही किती दिवस काम केलं त्याची वही त्यांच्याकडं होती. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, की आमच्या घामाचं पाणी आमच्या नळाला का नाही? दोन ग्रामसभा वादात गेल्या. तिसऱ्या वेळी ओढ्याकाठच्या सार्वजनिक विहिरीवरून वाड्यापर्यंत पाइपलाइन टाकायचा ठराव झाला आणि ती टाकली गेली. उसावर मर्यादा घालायचा ठराव मात्र झाला नाही. तो अजून व्हायचा आहे. अर्धी लढाई जिंकली, अर्धी बाकी आहे, असं म्हणू.

हा प्रश्न एका गावाचा नाही. आपल्या देशात संकटानंतरची बरीच मदत जमिनीच्या कागदावर मोजली जाते. पीक बुडालं की नुकसानभरपाई सातबारा पाहून मिळते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं काहीच बुडालं नाही असं कागद म्हणतो. पण रान पडिक पडलं तर मजुराची खुरपणी बुडते, काढणी बुडते, सालगड्याचं साल बुडतं. चारा छावण्या मुख्यतः गाईबैलांसाठी होत्या. गरिबाची दावण म्हणजे दोन शेळ्या, त्यांनी कुठं जायचं?

किल्लारीचं उदाहरण पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या शेजारच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं, त्याखाली हजारो माणसं झोपेतच गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. तिथं घरं कशी दिली? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचं, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचं आणि त्याच्यावर जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फुटांचं. भूकंपानं लहान-मोठा पाहिला नव्हता, पण पुनर्वसनानं पाहिला. भूमिहीनाच्या घरात काय माणसं कमी असतात?

पण त्याच किल्लारीनं एक चांगली वाटही दाखवली. भूकंपानं तडे गेलेल्या हजारो गावांत घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं हजारावर गावांत महिलांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. मदतीचा हप्ता केव्हा येतो, भिंतीत आरपार दगड का घालायचा, कोपरे कसे बांधायचे, हे त्या घरोघर समजावून सांगू लागल्या. कालपर्यंत उंबरा न ओलांडलेल्या बाया अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. पुढं २००१ ला गुजरातमध्ये भूकंप झाला, २००४ ला तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा इथल्या बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि आपला अनुभव सांगायला गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घराचं दुःख एकच. सावरणं म्हणजे नुसतं घर बांधून होणं नाही. सावरलेला माणूस दुसऱ्याला हात देऊ लागतो, तेव्हा तो खरा उभा राहिला म्हणायचं.

मग जमीन नाही त्याला पाण्यात वाटा मिळूच शकत नाही काय? मिळू शकतो, आणि महाराष्ट्रातच ते करून दाखवलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. त्यांनी नायगावला उजाड माळावर पाणी अडवून रान हिरवं केलं आणि १९७४ ला ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं. त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. घरात माणसं किती ते मोजायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात तांदुळवाडीला १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. तिथंही भूमिहीनांना पाण्याचा वाटा देण्याचं तत्त्व ठेवलं. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पाडली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती ठेवायचा, हे आधी, आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते. शेतीसाठी बोअर घेण्यावर गावानंच बंदी घातली. म्हणजे पाणी अडवणं हे अर्धं काम झालं. अडवलेलं पाणी कोणत्या नियमानं वापरायचं हे ठरवणं, हे दुसरं अर्धं काम. आणि आपली वस्ती नेमकी या दुसऱ्या अर्ध्या कामात मागं राहते.

उपासक-उपासिकांनो, या विहारात बसून रोहिणी नदीची आठवण होणार नाही असं कसं होईल? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण सांगितलं आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तरुण सिद्धार्थ घर सोडून गेला ही कथा त्यांना पटली नाही. त्यांनी दाखवून दिलं की कारण होतं पाणी. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेती रोहिणीच्या पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामाऱ्या झाल्या. शाक्य संघाच्या सेनापतीनं युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थानं विरोध केला. त्यानं सुचवलं, की आपण दोघं निवडू, त्यांनी दोघं निवडावेत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. त्याची ही सूचना बहुमतानं फेटाळली गेली. सिद्धार्थानं घर सोडलं, पण तलवार उचलली नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी पाण्याच्या वाटपासाठी दोन्ही बाजूंच्या माणसांची समिती सुचवणारा हा विचार आहे. आपल्या गावच्या पाणी समितीत आपला माणूस, आणि विशेष करून आपली बाई, का पाहिजे, याचं उत्तर आणखी कुठं शोधायचं?

आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले, ते तहान लागली होती म्हणून नव्हे. पाणी सार्वजनिक असेल तर त्यावर आमचाही हक्क आहे, हे सांगण्यासाठी. गावात भांडण झालं, बहिष्कार पडला, की आपलं पहिल्यांदा काय तुटतं? पाणी तुटतं. म्हणून ज्या वस्तीला स्वतःचं पाणी आहे, ती वस्ती ताठ मानेनं उभी राहते.

जमिनीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसं तुरुंगात गेली. त्याच परंपरेत आपल्या जिल्ह्यात अॅड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून गायरान जमिनीचा लढा दिला. एका पोतराजाचा हा मुलगा, वकील झाला, पुढं त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. २०१५ ला त्यांचं निधन झालं. भूमिहीनांनी कसलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा शासनाचा निर्णय झाला होता, पण निर्णय कागदावर आणि सातबारा तलाठ्याच्या दप्तरात, अशी स्थिती. ते दप्तर उघडायला लावण्याचं काम आवाडांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायाबापड्यांनी केलं. गायरान म्हणजे गावानं सोडून दिलेला बरड माळ. तिथं दगड वेचून आपल्या माणसांनी ज्वारी, बाजरी, तूर काढली. दुष्काळातली ही खरी उभारणी आहे. चार एकर बरड असलं, आणि त्याला एक बांध आणि एक शेततळं असलं, तर घरातला एक तरी माणूस कोयता टाकून गावात राहतो. माय गावात राहिली की लेकरू शाळेत राहतं.

आता आपण काय करायचं? भाषण ऐकून घरी जायचं आणि पुढच्या वर्धापन दिनाला पुन्हा यायचं, एवढ्यावर भागणार नाही. आम्हाला सुचतात त्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तीच्या पाण्याची एक वही विहारात ठेवा. हापसा कोणत्या महिन्यात आटला, बोअरला पाणी किती तास चाललं, टँकरच्या खेपा किती आल्या आणि कुठं रिकाम्या झाल्या, हे लिहीत जा. दहावी-बारावीची आपली मुलंमुली हे काम सहज करतील. तोंडी तक्रारीला सरपंचही उत्तर देत नाही, तीन वर्षांच्या वहीला तहसीलदारालाही उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, ग्रामसभा चुकवू नका. पाणलोटाच्या कामाचा आराखडा होतो तेव्हा त्यात आपल्या वस्तीचा आड, वस्तीलगतचा ओढा, आपल्या लोकांच्या ताब्यातलं गायरान आहे का ते पाहा. नसेल तर लेखी सूचना द्या. काम पाहिजे असेल तर मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच नाही, तर मागणी नाही, हे ध्यानात ठेवा. बायांनी पुढं बसावं, मागं पदर घेऊन उभं राहू नये.

तिसरी गोष्ट, बचत गट. दुष्काळात सावकार आणि मुकादम हे दोघंच दारात येतात. मुकादमाची उचल घेतली की सहा महिने माणूस बांधला जातो. गटात महिन्याला थोडे पैसे साठले, तर आजारपणाला, पोरीच्या फीला उचल घ्यायची वेळ येत नाही. ज्या घरानं उचल घेतली नाही, ते घर दुष्काळातसुद्धा स्वतःचं मालक असतं.

चौथी गोष्ट आपल्या डोक्यावरच आहे. विहाराच्या छताकडं पाहा. हजार चौरस फुटांच्या छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ५५ हजार लिटर पाणी येतं. गळती, बाष्प, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलं तरी ४० हजार लिटर हाती लागतं. म्हणजे तीन टँकरांहून जास्त. एक पन्हळ, एक पाइप, एक गाळणीचा खड्डा आणि एक टाकं, नाहीतर ते पाणी विहाराच्या बोअरजवळ मुरवायचं. पुढच्या पावसाळ्याच्या आत हे काम श्रमदानातून व्हावं अशी आमची समितीला नम्र विनंती आहे. सामानाचा खर्च लागेल, मजुरी आपल्या हातांची. आणि ते पाणी कुणाला द्यायचं हे सुद्धा आजच ठरवू. मार्च-एप्रिलमध्ये दारात येईल त्याला. तो कोणत्या जातीचा, कोणत्या गल्लीचा, हे विचारायचं नाही. ज्यांनी शतकानुशतकं आपल्याला पाणी नाकारलं, त्यांच्या घागरीतही ते पडू द्या. आपण हक्क मागतो तो माणूस म्हणून मागतो, मग देतानाही माणूस म्हणूनच दिलं पाहिजे.

दुष्काळ पुन्हा येईल. पावसावर आपली सत्ता नाही. पण पडलेल्या पावसावर, घातलेल्या बांधावर आणि ग्रामसभेत वर केलेल्या हातावर आपली सत्ता आहे. आपल्या आज्यांनी १९७२ ला दुसऱ्याच्या हुकमानं माती वाहिली. आपल्याला ती आपल्या विचारानं वाहायची आहे. ज्या दिवशी गावाच्या शेवटच्या घरातली बाई मे महिन्यात स्वतःच्या दारातल्या नळावर हंडा भरेल, त्या दिवशी आपण म्हणू, की हे गाव दुष्काळातून उठलं. त्याआधी नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!